गुडघे सतरंजीला टेकत नाहीत, म्हणून खुबा आखडलाय असं नाही

पत्र

नमस्कार. माझं वय ५३, वजन ६२ किलो, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षीपासून कॉलनीतल्या योगवर्गाला जाते. बाकी सगळं बरं जमतं, पण फुलपाखरू करताना (बसून तळपाय एकमेकांना जोडायचे आणि गुडघे बाजूंना सोडायचे) सगळ्यांचे गुडघे सतरंजीला टेकतात आणि माझे वीतभर वरच राहतात. पद्मासनाचं तर नावच नको. मॅडम म्हणतात, "खुबे जाम झालेत, रोज दाबत राहा, सुटतील." त्या स्वतः मागून गुडघे दाबूनही देतात. दोन महिन्यांपासून डाव्या खुब्याला बाहेरच्या अंगानं दुखतंय. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते. आता डावा गुडघाही आतल्या बाजूनं दुखायला लागलाय. एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. मिस्टर म्हणतात, हाडं झिजली, खाली बसणंच सोडून दे. (गंमत म्हणजे दोन्ही पाय बाजूंना टाकून, मध्ये जमिनीवर बूड टेकून बसायला मला काही त्रास होत नाही, वर्गात ते फक्त मलाच जमतं. लहानपणी तशी बसायचे म्हणून आई ओरडायची. आता पाच वर्षांची नात तशीच बसते आणि तिला मी ओरडते!) मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे. पुण्याहवाचनाला, देवक बसवताना तास-दोन तास पाटावर बसावं लागेल. तोवर खुबे सुटतील का? तेल कोणतं लावू?

– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

तेलाचं आधी संपवते. घरात असेल ते लावा. चोळल्यानं बरं वाटेल, पण सांध्यापर्यंत ते पोचणार नाही, कारण खुब्याचा सांधा तेवढा वर नसतोच. दुसरं, कुणाकडूनही गुडघे दाबून घेणं आजपासून बंद. हे मॅडमना कसं सांगायचं ते पुढे लिहिते.

आणि तिसरं असं, की तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकून दिलीत. डॉक्टरांनाही ती सांगितली नसणार. पाय दोन्ही बाजूंना टाकून तुम्ही आरामात बसता आणि पद्मासन मात्र जमत नाही, या दोन गोष्टी एकाच हाडाच्या घडणीतून आलेल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. पत्रावरून निदान होत नसतं, त्यामुळे अंदाजच म्हणते. पण तो तपासायची रीत घरच्या घरी आहे, ती सांगतेच.

आधी खुबा नेमका कुठे आहे ते बघू. आपण कमरेखाली बाजूला हात ठेवतो आणि तिथलं टणक टोक चाचपून "इथे खुबा दुखतो" म्हणतो. उभ्या उभ्या तिथे तळवा ठेवा आणि टाच जमिनीवरच ठेवून पाय आत-बाहेर फिरवा. तळव्याखाली ते टोक पुढे-मागे सरकताना कळेल. ते मांडीच्या हाडाचं बाहेरचं टेंगूळ. सांधा तिथे नाही. सांधा आहे पुढे, जांघेच्या घडीच्या साधारण मध्यावर आणि तिथून चांगलाच आत, जाड स्नायूंच्या खाली. म्हणून खुद्द सांधा दुखतो तेव्हा माणूस बहुधा जांघेत बोट दाखवतो. तुम्ही बाहेरच्या अंगाला दाखवताय. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याला फार महत्त्व आहे.

शाळेत आपण उखळीचा सांधा म्हणून जो शिकलो तो हाच. खांद्याचाही तसाच असतो, पण खांद्याची उखळ उथळ आणि खुब्याची खोल. मांडीच्या हाडाचं डोकं म्हणजे चेंडूचा साधारण दोनतृतीयांश भाग. ते ज्या खोबणीत बसतं ती कमरेच्या तीन हाडांची मिळून बनते. लहानपणी ही तीन हाडं कूर्चेनं जोडलेली असतात आणि चौदा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास एकजीव होतात. खोबणीच्या काठाला कूर्चेची एक लवचीक कडा असते, तिला लॅब्रम म्हणतात. ती खोबण आणखी खोल करते, आतलं वंगण धरून ठेवते. वरून अस्थिबंधांचं, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्यांचं वेष्टण. त्यातला पुढचा, उलट्या वाय आकाराचा अस्थिबंध शरीरातला सगळ्यांत मजबूत मानला जातो. आपण सरळ उभे राहिलो की तो ताणला जातो आणि धड मागे कलंडू देत नाही. नुसतं उभं राहायला फार स्नायू खर्ची पडत नाहीत ते त्याच्यामुळे. खाली बसलो, मांडी पोटाकडे आली, की तो सैल होतो. म्हणून मांडी पुढे १२० अंशांपर्यंत येते, पण मागे जेमतेम १५-२० अंश जाते. बाजूला ४०-४५. आत आणि बाहेर वळणं साधारण ४०-४५. हे सगळे सरासरीचे आकडे, आणि सरासरी माणूस वर्गात सहसा भेटत नाही.

आता तुमच्या हाडाकडे येते.

मांडीचं हाड सरळ दांडक्यासारखं नसतं. डोकं आणि दांडा यांच्यामध्ये एक मान असते आणि ती दांड्याशी साधारण १२५ अंशांचा कोन करते. एवढं बहुतेक चित्रांत दिसतं. चित्रांत जे दिसत नाही ते हे, की त्या मानेला पिळा असतो. मांडीचं सुटं हाड टेबलावर ठेवा, गुडघ्याकडचे दोन्ही उंचवटे टेबलाला टेकतील असं. वरचं डोकं टेबलाला टेकत नाही, पुढच्या बाजूला उचललेलं राहतं. मोठ्या माणसात हा उचल साधारण १५ अंशांचा असतो. जन्मतः तो ३०-४० अंश असतो आणि वाढीच्या वयात हळूहळू उतरत जातो. सगळ्यांचा सारखा उतरत नाही. कुणाचा वयात आल्यावरही २५-३० राहतो, कुणाचा ५ वर येतो, कुणाचा उलट मागेही जातो. यात आजार काही नाही. नाक कुणाचं सरळ, कुणाचं अपरं, तितकंच.

पिळा जास्त असेल तर काय होतं? डोकं खोबणीत नीट बसायचं म्हणजे सगळी मांडी आत वळावी लागते. अशा मुलींचे पाय चालताना आत पडतात, गुडघे एकमेकांकडे बघतात आणि जमिनीवर बसताना पाय आपोआप दोन्ही बाजूंना जातात, कारण त्यांच्या खुब्याला तिथेच आराम मिळतो. आत वळायला भरपूर जागा. त्याची भरपाई बाहेर वळण्यातून होते. एकूण वळण बहुतेक तेवढंच राहतं, फक्त सरकलेलं असतं. आणि पद्मासनाला लागतं ते बाहेर वळणंच, तेही जवळजवळ शेवटपर्यंत, शिवाय मांडी वर आणि बाजूला घेऊन.

म्हणजे तुमचा खुबा आखडलेला नाही. तो दुसरीकडे मोकळा आहे. तुमच्या वर्गात पहिल्याच दिवशी पद्मासन घालून बसलेल्या ज्या बाई असतील, त्यांना तुमच्यासारखं पाय बाजूंना टाकून बसायला सांगून बघा. (दाबू मात्र नका.)

आता तपासणी. पलंगावर पालथ्या झोपा. दोन्ही गुडघे काटकोनात वाकवा, तळपाय छताकडे. गुडघे जवळ ठेवून दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूंना सोडून द्या, आपल्या वजनानं जातील तेवढी. इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो: पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडी आत वळत असते. घरातल्या कुणाला तरी पायथ्याशी उभं करून मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मग एकेक पाय घ्या आणि पाऊल दुसऱ्या पायाच्या पलीकडे आत पडू द्या. ते मांडीचं बाहेर वळणं. पुन्हा फोटो. पावलं बाहेर ७० अंशांच्या आसपास जात असतील आणि आत २०-२५ वरच अडत असतील, तर माझा अंदाज बरोबर. दोन्हीकडे सारखं, चाळीसच्या आसपास निघालं तर तो चुकला. मग मांडीच्या आतल्या स्नायूंकडे बघावं लागेल, आणि ते स्नायू सुटू शकतात.

नेहमीच्या, समोरून काढलेल्या एक्स-रेत हा पिळा मोजता येत नाही. तो मोजायला खुब्यातून आणि गुडघ्यातून सीटी स्कॅनचे छेद घ्यावे लागतात. तेवढ्यासाठी स्कॅन काढायला मात्र धावू नका, तुमच्या बाबतीत उपचारात काडीचा फरक पडणार नाही.

याच तपासणीत मिस्टरांच्या शंकेचंही उत्तर आहे. खुबा खरोखर झिजतो तेव्हा बहुधा सगळ्यांत आधी कमी होतं ते मांडीचं आत वळणं. डावा पाय उजव्याइतकाच सहज आत वळत असेल, जांघेत न दुखता, तर झिजेची शक्यता फार कमी. तशीही आपल्याकडे गुडघ्यांची झीज उदंड, खुब्याची युरोपातल्यांपेक्षा बरीच कमी. त्यामुळे खाली बसणं सोडून द्यायचा सल्ला सध्या बाजूला ठेवा. कसं बसायचं ते बदलू.

नातीलाही ओरडू नका. पाच वर्षांच्या मुलीचा पिळा अजून उतरायचा आहे. बहुतेक मुलांत तो आठ-दहा वर्षांपर्यंत बराचसा उतरतो, आणि तो उतरवणारे बूट, पट्टे किंवा मालिश अजून तरी कुणाला सापडलेले नाहीत. तिच्या बसण्यामुळे हाड तसं झालेलं नाही, हाड तसं आहे म्हणून ती तशी बसते. एकच पाय आत पडत असेल, लंगडत असेल, दुखतं म्हणत असेल किंवा वय वाढेल तसं जास्तच आत चालायला लागली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर बसू दे.

आता गुडघा. मला खुब्यापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. खुबा जिथे वळायचा थांबतो तिथे पाऊल ओढून मांडीवर ठेवायचा हट्ट केला, तर उरलेलं वळण कुठून तरी यावंच लागतं, आणि ते गुडघ्यातून येतं. गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा. पूर्ण दुमडलेला असताना नडगी थोडी फिरते, पण त्याच वेळी आतल्या बाजूची गादी, म्हणजे मेनिस्कस, दोन हाडांत चिमटली जाते. वर मॅडमचं वजन. तुमच्या वयात ही गादी आधीच थोडी कोरडी, ठिसूळ होत आलेली असते. तेव्हा पाऊल हातानं ओढून मांडीवर चढवणं पूर्ण बंद. फुलपाखरू करायचं तर पावलं अंगापासून हातभर लांब ठेवा, गुडघ्यांखाली दोन उशा द्या, आणि गुडघे जिथे राहतात तिथे राहू द्या.

आणि ताण कुठे जाणवतो ते ओळखायला शिका. मांडीच्या आतल्या बाजूला लांबवर ओढ बसते, श्वास सोडला की थोडी ढिली होते, तो स्नायू. तिथे सावकाश काम करायला हरकत नाही. पण जांघेत किंवा कुल्ल्यात खोलवर अडतं, टोचतं, आणि कितीही श्वास सोडला तरी तसूभर पुढे जात नाही, तिथे मानेची कड काठाला भिडलेली असते किंवा अस्थिबंध पुरता ताणलेला असतो. त्यापुढे दाबून हाडाचा आकार बदलत नाही. काठाची ती नाजूक कडा तेवढी फाटू शकते.

मग बाहेरच्या अंगाला दुखतंय ते काय? त्या कुशीवर झोपता न येणं, जिन्यावर कळ, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बाई: हे सगळं एका जागी आलं की संशय जातो त्या टेंगळावर चिकटणाऱ्या कंडरांवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांवर. त्या कंडरा ज्या स्नायूंच्या, ते दोघे कुल्ल्याच्या बाजूला असतात, ग्लुटिअस मीडिअस आणि त्याखालचा मिनिमस. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी कंबर दुसरीकडे खाली पडू न देणं हे त्यांचं काम.

त्यांच्यावर भार किती येतो याची आपल्याला कल्पना नसते. तराजूची दांडी एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड असावी, तसा हा मामला आहे. शरीराचं वजन सांध्यापासून लांब, स्नायू सांध्याच्या जवळ. त्यामुळे तोल राखायला स्नायूला वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो, आणि वजन अधिक जोर मिळून सांध्यावर येतो अडीच ते तीनपट भार. तुमचे ६२ किलो धरले तर एका पायावर नुसतं उभं राहताना खुब्यावर दीडशे किलोंच्या वर. त्यात मानेचा पिळा जास्त असेल तर स्नायूची बाजू आणखी आखूड पडते, म्हणजे त्याला आणखी जोर. (खुबा दुखतो तेव्हा काठी दुसऱ्या हातात धरायला सांगतात ते याच हिशेबानं. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून चालणारे आजोबा बघितले की रस्त्यात थांबवून हात बदलायला सांगावंसं वाटतं.)

हे स्नायू किती तग धरतात ते बघायची खूण फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदानं १८९५ साली लिहून ठेवली, आजही दवाखान्यात तीच वापरतात. आरशासमोर, भिंत हाताशी ठेवून, डाव्या पायावर अर्धा मिनिट उभ्या राहा. उजवीकडची कंबर खाली उतरते का? किंवा ती उतरू नये म्हणून सगळं धड डावीकडे झुकतं का? टेंगळावर ओळखीची कळ येते का? मग उजव्या पायावर. फरक दिसला तर काय कमी पडतंय ते कळलं.

आता तुमच्या दिवसाकडे बघा. फळ्याशी उभं राहून शिकवताना आपण सगळा भार एका पायावर टाकतो आणि कंबर त्या बाजूला लोंबकळू देतो. खुर्चीत एका पायावर दुसरा पाय टाकून पेपर तपासतो. रात्री उजव्या कुशीवर झोपलो की वरचा, डावा पाय पुढे घसरून गादीला टेकतो. तिन्ही वेळा मांडी मधल्या रेषेच्या पलीकडे जाते आणि ती कंडरा टेंगळावर दाबली जाते. वर्गात "खुबा सोडवायला" गोमुखासन किंवा गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढायचा ताण देत असतील तर तोही त्यातलाच. कंडरा दुखते म्हणून ताण द्यायचा, ताण दिला म्हणून आणखी दुखायचं, असं चक्र मी पुष्कळ बायकांत बघते.

म्हणून ताणणं थांबवा. दोन्ही पायांवर सारख्या उभ्या राहा. पायावर पाय टाकू नका. झोपताना उताण्या झोपा, किंवा उजव्या कुशीवर झोपून गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल अशी जाड उशी मध्ये घ्या. नुसती गुडघ्यांत घेतलेली छोटी उशी रात्री कुठेतरी जाते आणि सकाळी पायथ्याशी सापडते.

मग ताकद. उताण्या झोपून गुडघे वाकवा, गुडघ्यांच्या जरा वर ओढणी घट्ट बांधा आणि गुडघे बाहेर ढकलून धरा, हालचाल न करता. सुरुवातीला एवढंच पुरे. ते सोसायला लागलं की त्याच स्थितीत कंबर उचला, म्हणजे सेतुबंध. त्यानंतर ओट्याला धरून आडवी पावलं, आणि शेवटी बुटक्या पायरीवर एका पायानं चढ-उतार. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे ठरवलं तर तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. दुखलं तर एक पायरी मागे या. वृक्षासन तूर्त भिंतीला धरून, आणि दुखऱ्या पायावर नको. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत वैतागून सोडू नका. कुणी लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर एवढं ध्यानात असू द्या: २०१८ साली ऑस्ट्रेलियात याच दुखण्याच्या २०४ रुग्णांवर चाचणी झाली होती. त्यात इंजेक्शनपेक्षा समजावून सांगणं अधिक व्यायाम याचा गुण आठ आठवड्यांनी जास्त दिसला.

लग्नाचं बघू. पाटावर बसायचंय ना, बसा. पण नुसत्या पाटाची उंची तुम्हाला पुरणार नाही. गुडघे वर राहतात तेव्हा कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं आणि अर्ध्या तासात सगळंच दुखायला लागतं. पाटावर घडी घातलेल्या दोन घोंगड्या किंवा पक्की गादी ठेवा, बूड चार ते सहा इंच वर येईल एवढी. गुडघ्यांची पातळी खुब्यांच्या खाली गेली पाहिजे. दोन्ही मांड्यांखाली, गुडघ्यांशेजारी, टॉवेलच्या गुंडाळ्या सारा, शालूच्या घेरात कुणाला दिसणारही नाहीत. साधी मांडी, पाय एकमेकांत फार न गुंतवता. दर पंधरा मिनिटांनी पुढचा पाय बदला. तुमचं लाडकं पाय बाजूंना टाकून बसणं त्या दिवशी नको, दुखऱ्या गुडघ्याला तासभर तो पीळ सोसणार नाही. गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, मध्ये दोनदा उठू देतील. खुर्चीवर बसलेले यजमान त्यांना नवे नाहीत आणि पुण्याहवाचनाचं पुण्य बुडाच्या उंचीवर ठरत नाही. याची तालीम आत्तापासून रोज दहा मिनिटं करा, पेपर वाचत, चहा घेत. शरीराला ती जागा ओळखीची व्हायला हवी, लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नको.

मॅडमशी भांडू नका. बहुतेक योगशिक्षक मनापासून शिकवतात, फक्त शिष्याचं हाड आपल्यासारखंच असेल असं धरून चालतात. त्यांना तुमचे पालथं झोपून काढलेले फोटो दाखवा. आणि आधाराची त्यांना लाज वाटत असेल तर पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगारांची आठवण करून द्या. विटा, पट्टे, लोड, घड्या घातलेल्या घोंगड्या हे सगळं आसनांत त्यांनी आणलं आणि जगभर रूढ केलं. एवढ्या मोठ्या माणसानं वापरलेली वीट आपल्या कॉलनीतल्या वर्गाला चालायला हरकत नसावी. पद्मासनाविषयी विचाराल तर मी तुम्हाला ते कधीच घालू नका म्हणेन. प्राणायाम सुखासनात किंवा खुर्चीवर बसूनही होतो, नाकाला खालचं काही कळत नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. नॉर्मल एक्स-रेवर फार विसंबू नका. खुब्याच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मानेच्या कडेनं वर जातात, त्या बंद पडल्या तर डोक्याचं हाड मरायला लागतं. सुरुवातीच्या काळात एक्स-रे साफ असतो, एमआरआयमध्येच ते दिसतं. दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा कोरोनात स्टिरॉइडचे मोठे डोस झालेले असतील, घरात सिकलसेल असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तुमचं दुखणं बाहेरच्या अंगाला आहे, म्हणून मला तशी शंका येत नाही. पण दुखणं जांघेत सरकलं, पडून असतानाही ठणकायला लागलं, तुम्ही लंगडायला लागलात, डावा पाय आत वळायचा कमी झाला, किंवा ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

गुडघ्यासाठी मात्र वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा. तो सुजतो का, मध्येच अडकतो का, ते आधी घरी बघून ठेवा. खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, दोन्हीकडे जाणाऱ्या काही नसा एकच असतात. त्यामुळे डॉक्टरांना गुडघा दाखवाल तेव्हा खुबाही तपासायला सांगा, आणि पालथं झोपवून पाय वळवून बघितले नाहीत तर तेही करायला सांगा.